छापलं एक, वाचलं एक

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज स्टेडियमवर लांब उडीच्या वाळूत मी सकाळची कॉफी परत केली. चारचौघांसमोर. त्यांत माझी धाकटी बहीण होती, आणि जिच्या मुलाला मी संस्कृत शिकवलं ती एक बाईही होती. बावन्नाव्या वर्षी असं होणं नवलाचं नाही. नवल हे की गेला आठवडाभर मी सगळ्यांना सांगत होतो, पळणं हे मुळात मनाचं काम आहे. वाळूत मन काही दिसलं नाही. बाकी सगळं दिसलं.

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. अंबेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, चौकशी करून मला मुरलीकृष्णाच्या हवाली केलं. हा एका शाळेत पीटी मास्तर आहे, आणि मंगळवारी व शुक्रवारी पहाटे आमच्यासारख्या उतारवयाला लागलेल्यांना पळवतो. मैदानाची एक फेरी जीव तोडून पळायची, दीड मिनिट चालायचं, पुन्हा फेरी. अशा सहा. याला तो इंटरव्हल म्हणतो. आमच्या लहानपणी सिनेमात इंटरव्हल असायचा तेव्हा वडे मिळत.

"पहिल्या पाच फेऱ्या पायांच्या, सर," तो म्हणतो. "सहावी मनाची. मी मोजणार नाही. तुमची तुम्ही मोजा."

सरसू, म्हणजे सरस्वती, माझी बहीण, माझ्या सोबतीला येते. अंबेनंच तिला सांगितलं, "जा गं, तुझा अण्णा कुठं एकटा पडेल." ती सहकारी बँकेत आहे. सलवार-कमीज आणि माझी जुनी टोपी घालून पळते. हळू पळते. आज मी वाळूपाशी वाकलो तेव्हा तिनं पाण्याची बाटली ठेवली, पाठीवर हात फिरवला आणि उरलेल्या फेऱ्या पळायला निघून गेली. हात फिरवला नसता तर बरं झालं असतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बरं गेलं. पाचव्या फेरीनंतर बुटाची लेस सुटली, ती बांधण्यात सहावी राहिली. नाइलाज.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आजही लेस.

ही वही कोणी वाचत नाही, तेव्हा इथं तरी लिहावं: सुटली नाही. सोडली. पाचवी संपली, छातीत भाता चालला होता, आणि माझा हात आपोआप खाली गेला. गाठ ओढताना मला कळत होतं की मी काय करतोय. मुरलीकृष्ण दुसरीकडे बघत होता. तो मोजत नाही. त्यानं मोजलं असतं तर मी पळालो असतो, हे जास्त लाजिरवाणं.

सरसू सहावी पळून आली. म्हणाली, "लेस फार लांब आहे तुझी, अण्णा. आखूड घे."

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याच्या साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन. पंधरा वर्षं मी त्यांना 'तंजावरहून' हे सदर पाठवतो. या खेपेला आरोग्य विशेषांक आहे. "पळण्यावर लिहा. मन कसं कणखर होतं वगैरे. तुमच्या पद्धतीनं, चिमटे काढत."

दुपारी एका बैठकीत लिहून टाकलं. तितिक्षेवर चांगला परिच्छेद जमला. दुःख सोसावं, त्याचा प्रतिकार करू नये, रडगाणं गाऊ नये, हे आमच्या गुरुजींनी तिरुवैयारुच्या पाठशाळेत चटईवर बसवून शिकवलं, ते मी स्टेडियमच्या मातीत उतरवलं. चिमट्याला कोणीतरी हवं होतं. सरसू घेतली.

लिहिलं की ती पळते म्हणजे थोरल्या देवळाचा रथ निघतो: निघायला वेळ, वळायला त्याहून वेळ, आणि ओढायला गाव लागतं. सहाव्या फेरीला ती बसकण मारते, मग मी मागं जाऊन तिला ओढून आणतो. आणि शेवटी: 'तिच्यात जिद्द नाही, सवय आहे. नळाला पाणी येईल म्हणून बाई हंडा धरून उभी राहते, तशी ती फेरी संपायची वाट बघत पळते.'

हंड्याचं वाक्य लिहिल्यावर मी स्वतःशीच हसलो. चांगलं वाक्य झालं की मला खरंखोटं दिसेनासं होतं, हा जुना आजार.

आणि काळजी कसली? इथं बाळबोध, म्हणजे देवनागरी, वाचतो कोण? पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली आमची सगळी मंडळी घरात मराठी बोलतात, तंडतात, आशीर्वाद देतात. वाचतात तमिळ आणि इंग्रजी. वडलांनी बाळबोध मला शिकवलं. सरसूला शिकवायचं राहिलं. तंजावरात माझ्याइतका सुरक्षित लेखक दुसरा नसेल.

३ डिसेंबर, मंगळवार

मैदानावर पाणी साचलं. सुट्टी. आनंद झाला. आनंद झाल्याची लाज वाटली. मग भजी केली म्हणून अंबेनं हाक मारली आणि लाज राहून गेली.

८ डिसेंबर, रविवार

क्रमानं लिहितो.

आज मेल वीदीत, म्हणजे पश्चिमेच्या रस्त्यावरच्या घरी, सीतारामराव काकांची ऐंशी पूर्ण झाली. होम झाला, पंगत उठली, सगळे झोपाळ्याभोवती बसले. अशा वेळी बाळबोधीतलं जे काही घरात आलेलं असेल ते माझ्या हातात येतं, हा आमच्यातला रिवाजच आहे: कोल्हापूरकडच्या कोणाची लग्नपत्रिका, जुन्या फोटोमागची ओळ, आजोबांचं पत्र. मी वाचतो, ते ऐकतात. ऐकायला सगळ्यांना येतं.

आज अंबेनं पिशवीतून साप्ताहिक काढलं. मला न सांगता आणलं होतं. पानावर फोटो होता: मी आणि सरसू, मैदानावर, मुरलीकृष्णानं काढलेला.

"यांनी सरसूवर लिहिलंय," अंबा म्हणाली. फोटो बघून तिनं तेवढं ताडलं होतं.

"माझ्यावर?" सरसू पदर सावरत पुढं आली. "पुस्तकात?"

काकांनी काठी आपटली. "त्यागराजा, वाच रे. मोठ्यानं वाच. मज उजवा कान कामाचा नाही."

पान माझ्या हातात. तीसेक माणसं. सरसू समोर, मांडी घालून, लहानपणी गोष्ट ऐकायला बसायची तशी.

तितिक्षेचा परिच्छेद वाचला. मग रथ आला. मी रथावर नजर ठेवली आणि तोंडानं दुसरंच वाचलं.

म्हणालो: "माझी धाकटी बहीण सरस्वती माझ्यासोबत पळते. मी दमून थांबतो, तेव्हा ती पुढं जाते. कावेरीला पाणी सोडलं की ते वाटेतल्या गावांना पुसत बसत नाही, थांबू का म्हणून. तशी सरसू थांबत नाही. मन कणखर कसं असतं हे मी पोथीत शिकलो. पाहिलं मात्र तिच्या पाठीमागून पळताना."

वाचताना मी योग्य ठिकाणी पानही उलटलं.

काका म्हणाले, "वा! मराठी म्हणजे ही." सरसूनं पदर डोळ्यांना लावला आणि हसत म्हणाली, "अय्यो, अण्णा, एवढं काय लिहिलंस. लोकांत."

छापलंय ते खोटं. वाचलं तेही खोटं, कारण तिथं ते नव्हतं. पण मैदानावर घडतं ते मी वाचलं तसंच घडतं. तोंडून निघेपर्यंत मलाही हे माहीत नव्हतं. खरं सांगायला मला खोटं वाचावं लागलं. इतक्या वर्षांच्या शास्त्राभ्यासाचं हे फळ.

९ डिसेंबर, सोमवार

सरसू ते पान मागून घेऊन गेली. नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही. एरवी मला शब्द कमी पडत नाहीत.

१३ डिसेंबर, शुक्रवार

तिनं ते पान काचेत बसवलं. दिवाणखान्यात, सोनेरी मुलाम्याच्या बाळकृष्णाशेजारी, खिळा ठोकून. खाली ऊदबत्ती लावायचं घर आहे, त्याचा धूर दोघांनाही मिळतो. रथ, हंडा, बसकण, सगळं माझ्या नावानिशी भिंतीवर आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवते. बँकेतल्या मॅनेजरनं हात जोडले म्हणे.

आणखी एक. जानेवारीअखेर त्रिचीला चाळिशीपुढच्यांची स्पर्धा आहे, पंधराशे मीटर. सरसूनं नाव दिलं. मुरलीकृष्ण महिनाभर मागं लागला होता, ती "मी कशाला" म्हणायची. आज मला म्हणाली, "तू लिहिलंस म्हणून दिलं हो. नाहीतर मज कुठं माहीत होतं मी कशी पळते."

मी लेसकडे बघितलं. आज पाचव्या फेरीलाही गेलो नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

थंडी. मैदानावर धुकं, पलीकडच्या शेतांत भाताचा वास. सहाव्या फेरीला मी कडेला बसलो होतो, सरसू समोरून गेली. तोंडातल्या तोंडात काही म्हणत होती. परत आल्यावर विचारलं.

"तुझं वाक्य," ती धापा टाकत म्हणाली. "कावेरीचं. पाय नको म्हणाले की तेवढं म्हणते. मग जातात."

आता कसं सांगू? सांगितलं तर ती थांबेल. स्पर्धा होऊ दे, मग सांगू. हा विचार मला फार सोज्ज्वळ वाटला. घरी येऊन तपासला तर त्यात सरसू थोडी आणि मीच पुष्कळ निघालो. तिचे पाय थांबतील ही भीती वरवरची. आतली भीती ही, की ती माझ्याकडे बघेल.

१० जानेवारी, शुक्रवार

पोंगलला वर्षा येतेय. सरसूची मुलगी, पुण्यात दोन वर्षं नोकरीला आहे. काल अंबा सहज म्हणाली, "पोरगी तिथं बसच्या पाट्या वाचायला शिकली म्हणे."

जेवण गेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

सरसूकडे गेलो. म्हणालो, काच मळलीय, घरी नेऊन नीट पुसून आणतो.

"दोनदा पुसलीय," सरसू म्हणाली. "तू कधीपासून काचा पुसायला लागलास? वहिनीला सांगू?"

कॉफी पिऊन परत आलो. स्वतःच्या लेखाची चोरी करायला गेलो होतो आणि ती सुद्धा जमली नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

पोंगल. वर्षा काल आली. सरसू संध्याकाळी गोड पोंगलाचा डबा घेऊन आली. वर्षानं काल लेख वाचून दाखवला, असं दारातच म्हणाली. मी डबा घ्यायला हात पुढं करायचा विसरलो.

"छान वाचते. अडखळते थोडी," सरसू म्हणाली. चेहरा नेहमीचाच. मग डबा ओट्यावर ठेवताना विचारलं, "अण्णा, ते कावेरीचं कितव्या ओळीला आहे रे?"

"मधे कुठंतरी," मी म्हणालो.

"मधे." ती मान हलवत राहिली. "सरि. बरं."

केवढं ते वाक्य आवडलंय तिला! म्हणजे वर्षाला धड वाचता आलं नसणार. अक्षरं जुळवून काहीतरी सांगितलं असेल. सुटलो असं वाटलं. तूप सुटलेला पोंगल दोन वाट्या खाल्ला. साखरेचं उद्या बघू.

१५ जानेवारी, बुधवार

सुटलो नाही.

वर्षा दुपारी एकटी आली. अंबा आत होती. वर्षा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली, हळू आवाजात म्हणाली, "मामा, मला वाचता येतं."

मी आतल्या दाराकडे बघितलं.

"परवा अम्मानं मला भिंतीसमोर उभं केलं. शेजारच्या दोघी होत्या. म्हणाली, माझी लेक वाचेल आता, अण्णाची गरज नाही. मी मनात पहिल्यांदा सगळं वाचून काढलं. हंड्यापर्यंत." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर सोपं गेलं असतं. "फोनवर अम्मा म्हणाली होती, अण्णानं लिहिलंय मी थांबत नाही. मग मी तेच वाचलं. आपल्या मनानं. सरस्वती शूर आहे, हरत नाही, असं काहीतरी."

"वर्षा..."

"मी दोन वर्षं शिकत होते, मामा. पाट्या, पेपर, सगळं. एक दिवस अम्माला काहीतरी वाचून दाखवायचं म्हणून. आणि पहिलंच वाचलं ते असं. तुमच्यासारखं."

तुमच्यासारखं. मला आजवर पुष्कळ विद्यार्थी मिळाले. एवढ्या लवकर कोणी तयार झालं नव्हतं.

"तुम्ही सांगा," ती उठताना म्हणाली. "मी नाही सांगणार. आणि त्रिचीच्या आधी सांगा. नंतर सांगितलंत तर ती धाव पण खोटी होईल."

अंबा कॉफी घेऊन बाहेर आली, तेव्हा वर्षा चप्पल घालत होती. अंबेनं माझ्याकडे बघितलं, कॉफी माझ्यापुढं ठेवली आणि काही न विचारता आत गेली. तिलाही कळलंय की काय? या घरात मला सोडून सगळ्यांना वाचता येतं असं वाटायला लागलंय.

१७ जानेवारी, शुक्रवार

लेसला दुहेरी गाठ मारून गेलो. ठरवलं होतं: आज सहाही पळायच्या आणि मग सांगायचं. आधी धैर्य कमवायचं, मग खर्चायचं. मुरलीकृष्णाची तीच शिकवण.

पाचवीनंतर हात खाली गेला. गाठ लागली. हात वर आला. सहावी पळालो. म्हणजे पळालो असं पाय म्हणतील. बघणाऱ्याला चालल्यासारखं दिसलं असेल. पलीकडच्या वळणावर मला कळलं की सहावीत शौर्यबिर्य काही नसतं. तिथं फक्त उभ्यानं वाट बघायची असते, नळाला पाणी येईपर्यंत, हंडा धरून. मी ते वाक्य चेष्टेनं लिहिलं होतं.

सरसू कधीच पोचली होती. पायऱ्यांवर बसली होती. मुरलीकृष्ण बाकीच्यांना घेऊन पलीकडे गेला. मी तिच्याशेजारी बसलो, श्वास जुळवला, म्हणालो, "सरसू, त्या लेखात..."

तिनं पिशवी उघडली. तेच पान. काचेतून काढलेलं, चौघडी घातलेलं.

"तू वाचलंस त्यात कावेरी होती," ती म्हणाली. "वर्षानं वाचलं त्यात नव्हती. कागद एक. भिंत एक. मज अक्षर येत नाही, अण्णा, ऐकू येतं." तिनं पान माझ्या मांडीवर ठेवलं. "आता जे आहे ते वाच."

तीन दिवस तिला माहीत होतं. आज माझ्या पुढं सहा फेऱ्या पळाली ती हे पिशवीत ठेवून.

मी वाचायला लागलो. रथाचं वाक्य भरभर उरकायला गेलो.

"पळत वाचू नको. सावकाश."

सावकाश वाचलं. रथापाशी ती एकदा हसली. "हे बरंय," म्हणाली. मी तिला ओढून आणतो, ते आलं तेव्हा तिनं मैदानाकडे बघितलं, जिथं मी नेहमी लेस बांधायला बसतो त्या कडेकडे. हंड्याचं वाक्य आलं. संपलं. माझे कान तापले होते.

"माफ कर," मी म्हणालो.

"दीड मिनिट चाल," ती म्हणाली. "मग परत ये."

मला समजलं नाही. तिनं हातानं दाखवलं, तिथपर्यंत जा, ये. मी गेलो, आलो.

"पुन्हा वाच."

दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा कठीण गेलं. पुढं काय येणार ते आता आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून ऐकलं. मधे मी चालत होतो, ती पाणी पीत होती. चौथ्यांदा वाचून झाल्यावर मी विचारलं, "त्रिचीला जाशील ना?"

"नाव दिलंय," ती म्हणाली. "तू लिहिलंस म्हणून दिलं होतं. आता मी देते. वाच."

पाचव्यांदा हंड्यापाशी मी अडखळलो. जे वाक्य लिहून मी हसलो होतो ते पुरं करायला मला पुन्हा सुरुवात करावी लागली. उन्हं मैदानावर उतरली होती. बँकेची वेळ होत आली होती. एवढं पुरे, ती उठेल, असं वाटलं. मी पान मिटलं आणि वाकलो, हात बुटाकडे गेला.

"लेस बांधलेली आहे, अण्णा," सरसू म्हणाली. "वाच."

पान उघडलं. वाचलं.